जायबंदी हात आणि हलके काम

बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यानचा मराठीभाषक पट्टा १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तोपर्यंत तो मुंबई राज्याचा आणि त्याआधी मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे येथील श्रमिकाच्या दुखापतीचा, आजारपणाचा आणि त्यातून पुन्हा कामाला लागण्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्या, पुण्यानजीकच्या लष्करी संस्था, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या फौंड्र्या अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी विखुरलेला आढळतो. बेळगावच्या उत्तरेस असलेले, शेतीवर उभे राहिलेले आणि दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे कडोली हे या पट्ट्यातील एक गाव होय. अशा गावांच्या बाजूने हा इतिहास पाहिला, तर कायद्याच्या पुस्तकांत सहसा न दिसणारी एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कायद्याने आधी तुटलेल्या अवयवाची किंमत ठरवली, पुढे औषधोपचाराची आणि आजारपणातील पगाराची तरतूद केली. परंतु बऱ्या झालेल्या, तरीही पूर्वीइतक्या धडधाकट न राहिलेल्या माणसाला झेपेल असे काम मिळवून देण्याची जबाबदारी बहुतेक वेळा त्याच्या घरावर आणि गावावरच पडली.

शेतीच्या जगात ही जबाबदारी पार पाडण्याच्या काही रीती होत्या. पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याचा शेजाऱ्यांमधील करार, हा मुख्यतः बैल आणि मनुष्यबळ पुरवून वापरण्यासाठी असला, तरी घरचा कर्ता ऐन पेरणीत अंथरुणाला खिळला म्हणजे त्याच पैऱ्याच्या आधाराने त्याचे रान पडीक राहत नसे. इर्जिक, म्हणजे अनेकांनी मिळून एकाच्या शेतात एका दिवसात नांगरट उरकायची आणि त्या बदल्यात त्याच्याकडे जेवायचे, ही पद्धतही अडचणीत आलेल्या घराला उपयोगी पडे. मात्र या दोन्ही रीतींचा लाभ ज्याच्याकडे स्वतःचे शेत आणि परत देण्याजोगे श्रम होते त्यालाच मिळे. वर्षभराच्या बोलीवर राहणाऱ्या सालगड्याला आजारपणातील प्रत्येक गैरहजेरी खाडा म्हणून मोजून द्यावी लागे. खाडे फार झाले तर ते पुढच्या सालात फेडावे लागत किंवा त्याच्या जागी घरातील दुसऱ्या कोणाला उभे राहावे लागे. गावाची माणुसकी खरीच होती, तथापि तिची व्याप्ती जमिनीच्या मालकीने आखून दिलेली होती, हे विसरून जुन्या गावगाड्याचे कौतुक करणे योग्य ठरणार नाही.

गिरणी कामगारांच्या मागण्यांत हा प्रश्न प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो १८८४ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांची मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात एक पाचवी मागणी होती: काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी. त्याच १८८४ सालच्या जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने औद्योगिक अपघातविम्याचा कायदा केला होता आणि इंग्लंडमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा होण्यास अजून १३ वर्षांचा अवकाश होता. सत्यशोधक चळवळीत वाढलेल्या एका मराठी कार्यकर्त्याने त्या काळात ‘बरा होईपर्यंत’ आणि ‘अपंग झाल्यास’ असे दोन टप्पे वेगळे ओळखून मागणी करावी, ही कामगार चळवळीच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. मराठी वाचकांनी ती जितकी लक्षात ठेवायला हवी होती तितकी ठेवलेली नाही.

मागणी मान्य व्हायला मात्र दशके लागली. दरम्यान गिरण्यांमध्ये बदलीची पद्धत चालू राहिली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या साच्यावर त्या दिवसापुरता दुसरा माणूस उभा करण्याची पद्धत, आणि ही नेमणूक जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हाती असल्यामुळे तापाने फणफणलेला कामगारही आपली जागा जाईल या धास्तीने खात्यात हजर राही. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवणारी नियंत्रण योजना आणली, तेव्हा जॉबरची मनमानी काहीशी आटोक्यात आली. जो फार काळ आजारी पडे किंवा ज्याचा हात यंत्रात सापडे, तो कोकणात, घाटावर किंवा बेळगावकडे आपल्या गावी परते. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते जपण्याजोगे मानले. त्या विचारात तथ्य होते. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ असा झाला की उद्योगाने वापरून घेतलेल्या शरीराची शुश्रूषा, पोषण आणि पुन्हा काहीतरी काम शोधून देणे हा सगळा खर्च ज्या गावांना उद्योगाच्या नफ्यातून काही मिळत नव्हते त्यांच्या माथी बसला.

जायबंदी माणसाला नवे काम शिकवण्याचा संघटित प्रयत्न या प्रदेशात प्रथम झाला तो सैनिकांसाठी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, ११०वी मराठा पलटण तर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. हात, पाय किंवा डोळे गमावून परतणाऱ्या सैनिकांना एखादे कसब शिकवून पोटापाण्याला लावण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज तांत्रिक शाळा निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला स्थिरावली. १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे आणि सीमाभागातील गावागावांतून लष्करात माणसे गेली आहेत, त्यामुळे खडकीची शाळा आणि १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालेले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र ही नावे येथील सैनिकी घरांना परिचित झाली. सरकारला सैनिकाचे ऋण मान्य होते म्हणून त्याला निवृत्तिवेतनही मिळाले आणि कसबही शिकायला मिळाले. नागरी श्रमिकांसाठी याच धर्तीची व्यवसाय पुनर्वसन केंद्रे केंद्रीय श्रम मंत्रालयाने मुंबई आणि हैदराबाद येथे काढली ती १९६८ मध्ये, म्हणजे खडकीची परंपरा सुरू झाल्यावर अर्ध्या शतकाने.

दरम्यान १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला होता. त्याचे तत्त्व असे की कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेल्या अपघाताबद्दल, मालकाची चूक सिद्ध करत न बसता, त्याने ठरलेली रक्कम द्यावी. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांची यादी असून प्रत्येकासमोर कमावण्याच्या शक्तीतील घट टक्क्यांत लिहिलेली होती. मूळ यादीत अंगठ्याला २५ आणि तर्जनीला १० टक्के होते. आजच्या यादीत पूर्ण अंगठ्याला ३० आणि पूर्ण तर्जनीला १४ टक्के आहेत, तर हाडाला धक्का न लागता तर्जनीचे टोकच तुटले असेल तर ५. ही यादी माणसाचा धंदा विचारत नाही. गोणी वाहणाऱ्या हमालाची तर्जनी आणि विडी वळणाऱ्या बाईची तर्जनी तिच्या दृष्टीने सारखीच, वास्तविक पहिल्याचे काम त्या बोटावाचून निभते आणि दुसरीचे साफ थांबते. १९७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यात या त्रुटीची दखल घेतली: डावा हात कोपराच्या वरून गमावलेला सुतार आता सुतारकाम करूच शकत नाही, तेव्हा त्याची अपंगता पूर्णच धरली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. भरपाईची रक्कम या न्यायाने वाढते, परंतु त्या सुताराने उद्यापासून काय करावे हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

आजारपणाचा विचार त्यानंतर आला, आणि तो मांडणारे होते प्रा. बी. पी. आदारकर. १९४३ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला. कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून चालणाऱ्या या योजनेत सध्या साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के आणि कामावरील दुखापतीत बरे होईपर्यंत ९० टक्के रक्कम मिळते, शिवाय आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकण्यास १९४८ च्या कायद्याने मनाई केली. लोखंड्यांच्या मागणीचा पहिला टप्पा विमाधारकांपुरता अशा रीतीने जवळपास पूर्ण झाला.

दुसऱ्या टप्प्याबाबत मात्र या कायद्याची भाषा सैल होती. त्याचे १९ वे कलम सांगत होते की जायबंदी विमाधारकांच्या पुनर्वसनासाठी आणि त्यांना पुन्हा रोजगार मिळावा यासाठी महामंडळ उपाय योजू शकेल. योजलेच पाहिजेत असे ते म्हणत नव्हते. बेळगावच्या अशोकनगरातील विमा रुग्णालयात किंवा इतर कोणत्याही विमा दवाखान्यात उपचार घेणारा कामगार शेवटी कामावर रुजू होण्यास पात्र असल्याचा दाखला घेऊन बाहेर पडतो. त्या दाखल्यापूर्वी तो आजारी असतो आणि त्यानंतर पूर्ण वेळ, पूर्ण भार उचलण्याजोगा. या दोहोंच्या मधला, खांदा भरून आलेला पण अजून घण न पेलणारा काळ कारखान्यांच्या बोलीत ‘लाइट ड्युटी’ या नावाने ओळखला जातो. खाजगी कारखान्यात ती मिळणे हे फोरमनच्या मर्जीवर आणि युनियन असलीच तर तिच्या जोरावर अवलंबून असते.

निपाणीकडे वळले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. निपाणी आणि चिकोडी परिसरातील काळ्या जमिनीत पिकणारी विडीची तंबाखू देशभर ओळखली जाते आणि तिच्यावर दोन प्रकारचे काम उभे राहिले: वखारीतले आणि घरातले. वखारीत स्त्रिया वाळलेली तंबाखू कुटत, चाळत, पाखडत आणि काड्या वेचत. बंद जागेत उडणारी तिची भुकटी नाकातोंडात जाऊन शिंका, ठसका, मळमळ आणि भोवळ हा नित्याचा अनुभव होई. रोजंदारीवर असलेल्या बाईने घरी पडून राहणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडवणे, त्यामुळे आजारी बाई कामावर परत येण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. ती आजार घेऊनच कामावर राही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या, त्यांनी संप केले आणि कामाचे तास, मजुरी, अपमानास्पद वागणूक यांविषयी त्या उघडपणे बोलू लागल्या. युगांतर या स्त्रीवादी चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्याबरोबर राहून ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट तयार केला. एरवी कोणत्याही दप्तरात जिची नोंद झाली नसती अशी त्यांची कामाची जागा त्यात दिसते, म्हणून तो या प्रदेशाच्या श्रमेतिहासाचा अमूल्य दस्तऐवज ठरतो.

घरातील विडीकाम याहून निराळे आहे आणि हलक्या कामाच्या दृष्टीने ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. भिजवून मऊ केलेले टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातील तंबाखूची चिमूट त्यात पसरायची, अंगठा आणि तर्जनीने ते वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा आणि शेवटी विड्यांचे कट्टे करायचे. यातील प्रत्येक पायरी शरीराकडून वेगळी अपेक्षा करते. वळण्याला बोटांची चपळाई लागते, पान कापण्याला मनगटाचा जोर आणि बऱ्यापैकी नजर लागते, कट्टे बांधण्याला या दोन्ही कमी चालतात. त्यामुळे जिची बोटे आखडली ती पाने कापते, जिला जवळचे दिसेनासे झाले ती कट्टे बांधते आणि वळण्याचे काम सून किंवा मुलगी हाती घेते. क्षमता घटलेल्या माणसाला कामाबाहेर न काढता कामाचाच तुकडा बदलून देणे, ही जी गोष्ट जगभरचे पुनर्वसनतज्ज्ञ कारखान्यांना समजावून सांगतात, ती विडीकामाच्या घरांनी कोणी न सांगता साधली. परंतु तिचा सगळा भार घरानेच सोसला. मजुरी तयार हजार विड्यांमागे मिळते आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या मालाची, म्हणजे छाटाची, मजुरी मिळत नाही. तेव्हा हात मंदावला की घराची कमाई घटते, मालकाचा खर्च मात्र वाढत नाही. हजेरीपुस्तकात एकच नाव असल्यामुळे पाने कापणारी सासू आणि दोरा बांधणारी नात कायद्याच्या दृष्टीने कामगारच नसतात.

सरकारने या घरांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने घरखेपी विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधीचा हक्क असल्याचे सांगितले. १९७६ च्या दोन कायद्यांनी विडीधंद्यावर उपकर बसवून त्यातून कल्याण निधी उभारला. दवाखाने, क्षयरुग्णांसाठी राखीव खाटा, उपचाराच्या काळात त्यांच्या कुटुंबाला निर्वाहभत्ता आणि चष्म्यासाठी अर्थसाहाय्य हे त्या निधीचे उपक्रम होत. यांतील चष्म्याची मदत रकमेने अगदी किरकोळ असली तरी तिचे मोल मोठे मानले पाहिजे, कारण चाळिशीनंतर नजर कमी झाली म्हणून वळण्याचे काम सोडावे लागणाऱ्या बाईला तिच्या नेहमीच्या कामावर आणि नेहमीच्या मजुरीवर परत आणणारा तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होता. क्षयरुग्णाच्या भत्त्यामागेही तोच विचार होता: भत्ता नसेल तर रुग्ण खाट सोडून घरी येतो, त्याच खोलीत खोकत विड्या वळतो आणि आजार घरभर पसरतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला आणि योजनांचा खर्च थेट सरकारी तिजोरीवर गेला. ज्या धंद्यामुळे आजार जडतो त्याच धंद्याने त्याचा खर्च उचलावा, हे १९७६ चे तत्त्व त्याबरोबर संपले.

राज्याच्या सीमारेषेनेही या इतिहासात आपली भर घातली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि हमालांसाठी मंडळे स्थापन होऊन त्यांच्यामार्फत भविष्यनिधी, वैद्यकीय मदत आणि भरपाई मिळू लागली. कागलपर्यंत हा कायदा लागू होतो, तेथून जवळच असलेल्या निपाणीत होत नाही. त्याच मालाची तीच पोती पाठीवर घेणारा हमाल रेषेच्या कोणत्या बाजूला पाठ धरून बसला यावर त्याचा हक्क ठरत आला. शिवाय बेळगाव जिल्ह्यात शासकीय अर्ज आणि दाखल्यांची भाषा कन्नड किंवा इंग्रजी असल्यामुळे मराठीतच शिकलेल्या कामगाराला आपल्या अपंगतेची टक्केवारी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावी लागते. न्याय मिळवण्याच्या वाटेवरचा हा अडथळा लहान नाही.

बेळगावच्या उद्यमबाग आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या वाढल्या, तेव्हा भोवतालच्या गावांतील तरुणांना घर न सोडता पगारी काम मिळाले. ओतकामात वितळलेल्या रसाने भाजणे हा उघड धोका असतो, तर वाळूच्या साच्यांतून उडणाऱ्या बारीक सिलिका धुळीमुळे होणारा सिलिकोसिस हा छुपा. या रोगात फुप्फुसे हळूहळू कडक होत जातात आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून येथे रुग्णाला त्याच जागी परत पाठवणे हेच अपायकारक असते आणि धुळीपासून दूरचे काम देणे हाच उपचाराचा भाग ठरतो. भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस व्यावसायिक रोग म्हणून नमूद आहे, तेव्हा भरपाई मागता येते. काम बदलून मागण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

असा हक्क भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही असे मात्र नव्हे. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने सांगितले की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा खालच्या दर्जावर नेता येणार नाही, जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागेल, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत त्याच्यासाठी जादा पद ठेवावे लागेल. पाय गमावलेल्या कुणाल सिंह या निमलष्करी जवानाच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे लागू केले आणि २०१६ च्या नव्या कायद्यात ते २० व्या कलमात कायम राहिले. परंतु त्याचे बंधन सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. कडोलीहून बेळगावला येणाऱ्या परिवहन महामंडळाच्या बसच्या चालकाला उद्या अपघातात पाय गमवावा लागला, तर महामंडळाने त्याला त्याच पगारावर दुसऱ्या कामावर घेणे बंधनकारक आहे. त्याच बसमधून फौंड्रीत जाणाऱ्या कामगाराला तोच अपघात यंत्रावर झाला, तर त्याला टक्केवारीप्रमाणे पैसे मिळतील आणि त्याचा साचा दुसऱ्याकडे जाईल. शेतमजुराची स्थिती याहून कच्ची आहे: यंत्राने चालणाऱ्या शेतीकामातील दुखापत भरपाईच्या कायद्यात बसते आणि मळणी यंत्रांत हात तुटण्याचे प्रकार वाढल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांविषयी वेगळा कायदाही झाला, पण विळ्याने, सर्पदंशाने किंवा विहिरीत पडून जायबंदी झालेल्या मजुराला या दोन्हींचा आधार सहसा मिळत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ आणि १९४८ चे कायदे एका छत्राखाली आणले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. भरपाई, विमा आणि असंघटित कामगारांची नोंदणी यांविषयी तिच्यात पुष्कळ मजकूर आहे. १९९५ च्या ४७ व्या कलमासारखे, खाजगी मालकाला आपल्या जायबंदी कामगारासाठी दुसरे काम शोधण्यास बांधील करणारे कलम तिच्यात घातलेले नाही. ते घालण्यात अशक्य असे काही नाही, कारण सरकारी परिवहन, रेल्वे आणि दूरसंचार यांसारख्या अवजड कामाच्या आस्थापनांनी ते बंधन पाळून दाखवले आहे.